शेकडा सत्तर पैसे

अन् तो मोबाईल, तुम्हाले सांगतो, एक शब्द बोलला नाही! अरे, चार्जिंग उतरलं तर बोंबलते, घराबाहेर पाय टाकला तर 'आज ऊन जास्त हाये' सांगते, कोण्या दूरच्या साडभावाचा वाढदिवस असला तर सकाळी सकाळी टुणकन वाजते... अन् इथं माणूस जिंदगीतलं सगळ्यात मोठं कर्ज काढून राह्यला, भलताच आकडा दाबून राह्यला, तर हा मुकाट! नुसता हिरव्या अक्षरात हप्ता दाखवते. याले काय म्हणावं, तुम्हीच सांगा!

आमच्या धम्मरत्नची गोठ करून राह्यलो मी. बुलढाण्याले आमच्याच हापिसात, माह्या बाजूच्या टेबलावर बसते. माणूस सोन्यासारखा. कोणाची फाईल अडवणार नाही, कोणावर आवाज चढवणार नाही. पण एक खोड! भाजीवाली म्हणते, "दादा, चाळीस अन् तीस, सत्तर झाले," तर हा पिशवी खाली ठेवते, खिशातून मोबाईल काढते, चाळीस अधिक तीस करते, सत्तर आले की मान हलवते अन् मग पैसे देते. मागं गर्दी थांबलेली! कोणी टोकलं तर चष्मा वर सरकवून शांतपणे म्हणते, "मोबाईल कधी चुकते का, भाऊ?"

तर या धम्मरत्नले घर बांधायचं होतं. चिखली रोडवर प्लॉट घेऊन ठेवलेला, त्यावर पाच-सात वर्षं नुसतं गवत. बायको मंजुश्री रोज म्हणे बांधा, पण खरी ओढ होती त्याच्या मायसाठी. माय म्हंजे जनकाबाई. तिकडे बीबी गावाले एकटी राहे. याचा जीव तिच्यात अडकलेला, रोज फोन, "माय, चाल ना इकडे." अन् माय काय म्हणे? "परक्याच्या घरात मले खोकलाबी दाबून खोकलावं लागते, बापू. घरमालकीण वरून वाकून पाह्यते. तुह्यं सोताचं घर होऊ दे, मले त्यात एक खोली दे, मंग येईन." झालं! याच्या डोक्यात एकच. मायची खोली.

माणिकराव ठेकेदारानं सांगितलं, हॉल, सैपाकघर अन् एक खोली, पंधरा लाख. मायची खोली धरून वीस. आता व्याज किती? बँकेतून फोनवर कळलं, साडेआठ टक्के. हे त्यानं घरी सांगितलं अन् मंजुश्रीच्या हातातलं लाटणं थांबलं. ती बचत गटाची खजिनदार ना! "साडेआठ? बाप्पा! आमच्या गटात दोन टक्के हाये तरी बाया कुरकुर करतात! हे बँकवाले माणसं हायेत का कोण?"

"अवं, गटाचे दोन टक्के महिन्याचे," हा समजावते. "बँकेचे साडेआठ वर्षाचे. साडेआठ भागिले बारा कर." मोबाईल काढला, भागिले केलं. "पाह्य, महिन्याचं किती? शेकडा सत्तर पैसे!"

"सत्तर पैसे!" मंजुश्री खालीच बसली. "सत्तर पैशानं तर भाऊबी भावाले देत नाही हो!"

इथपर्यंत, तुम्हाले सांगतो, माणूस शंभर टक्के बरोबर होता. कोणत्याबी मास्तरनं पाठ थोपटली असती! पण ते सत्तर पैसे दोघायच्या डोक्यात असे जाऊन बसले, असे जाऊन बसले... की रात्रीच्या जेवणानंतर यानं हप्त्याचं ॲप उघडलं, त्यात विचारलं 'व्याजदर', अन् यानं दाबलं शून्य, टिंब, सत्तर! खाली बारीक अक्षरात 'वार्षिक' लिहिलेलं होतं. पण बारीक अक्षरं कोण वाचते? तुम्ही वाचता? मी तर नाही वाचत.

पंधरा लाख, वीस वर्षं. हप्ता आला सहा हजार सातशे. अन् घरभाडं देऊन राह्यला सात हजार! "मंजू, भाड्यापेक्षा कमी!" मग त्या ॲपमंदी एक असते, बोटानं सरकवायची पट्टी. सरकवली वीस लाखावर. मायची खोली आली, अन् हप्ता बावीसशेनं वाढला फक्त! मंजुश्री म्हणे, "अजून सरकवा ना." सरकवली. जिना आला. अजून सरकवली, वर बाल्कनी आली! पंचवीस लाखावर थांबले, अन् हप्ता किती? अकरा हजार एकशे पासष्ट! पगारात तेरा हजारापर्यंत झेपत होतं, इथं तर दोन हजार उरून राह्यले! मंजुश्रीनं त्या दोन हजारात मायच्या खोलीले पडदेबी लावले, मनातल्या मनात.

दुसऱ्या दिवशी हापिसात पेढे. उकंडराव, आमचे जुने कारकून, त्यायनं दोन घरांचे हप्ते फेडलेले, ते म्हणाले, "धम्मरत्न, मले हे लय कमी वाटते बावा. एकदा बँकेत विचारून घे."

"काका, मोबाईल कधी चुकते का?"

बरं, पेढ्यावर थांबावं ना? नाही! मायले फोन. "माय, खोली पक्की! निघ!" अन् म्हातारीनं, जी इतकी वर्षं हलली नव्हती, तिनं काय करावं? कोंबड्या शेजारच्या रेणुकाले देऊन टाकल्या. भांडे वाटले. घराची चाबी शेतशेजारी पुंजाजीजवळ दिली, म्हणे, "सोयाबीन ठेव त्यात, मी काही आता येत नाही." अन् गाठोडं घेऊन एसटीनं थेट बुलढाण्याले! अरे, अजून पायाचा दगड नाही पडला! पण तिले कोण सांगते? ती उतरल्या उतरल्या म्हणते, "खिडकी कोण्या बाजूनं ठेवली?"

सोमवारी धम्मरत्न बँकेत. समोर नीरजा मॅडम, पुण्याकडच्या, बोलणं असं इस्त्री केलेलं. "बसा ना सर. पंचवीस लाख, वीस वर्षं... हप्ता होतोय एकवीस हजार सहाशे शहाण्णव."

धम्मरत्न हसला. म्हणजे कसा, एखाद्या लेकरानं पाढा चुकावा अन् मोठ्यानं हसावं तसा. "मॅडम, तुमच्या मशीनमंदी काहीतरी बिघाड दिसते. हे पाहा." अन् मोबाईल पुढं केला.

मॅडमनं पाह्यलं. मोबाईल जवळ घेऊन पाह्यलं. बाजूच्या साहेबाले बोलावलं, त्यानं पाह्यलं. मग मॅडम म्हणतात, "सर, शून्य पूर्णांक सत्तर? असं कर्ज कुठं मिळत असेल तर पत्ता द्या. मीही तिथूनच घेते."

"अवो, साडेआठ भागिले बारा! महिन्याचा दर!"

"भागाकार अगदी बरोबर आहे. पण या चौकोनात वर्षाचा दर टाकायचा. हे बघा ना, खाली लिहिलंय."

आता हा चष्मा काढते, पुसते, पुन्हा लावते. 'वार्षिक'. तिथंच होतं, पहिल्या दिवसापासून. अगदी बारीक आवाजात म्हणते, "पण मॅडम... मोबाईल कधी चुकते का?"

"नाही ना सर," मॅडम म्हणाल्या. "तो नाहीच चुकला."

मग त्यानं तिथंच बसून साडेआठ टाकले. वर्षं वाढवू म्हटलं, तर त्याच्या आत नोकरी संपते. राह्यली ती पट्टी. बोट मागं सरकवलं, बाल्कनी गेली. ठीक हाये, बाल्कनीत कोण बसते? अजून मागं, जिना गेला. तरी सतरा हजाराच्या वर! अजून मागं घ्या म्हटलं, तर बोटाखाली होती मायची खोली. अन् माय घरी बसलेली, कोंबड्या वाटून आलेली! मॅडमनं चहा मागवला, तो गार झाला. शेवटी डोळे मिटले अन् सरकवली. पंधरा लाख. हप्ता तेरा हजार. खोली गेली.

बँकेतून हापिसात आला, पण घरी जायचं नाव नाही. मीच सोडाले गेलो गाडीवर. दारात मंजुश्री, तिले चेहऱ्यावरूनच कळलं. माय आत बसलेली. हा तिच्याजवळ गेला अन् एका दमात बोलून टाकलं, "माय, खोली होत नाही. मी चुकलो. तुले उगाच उठवून आणलं मी." अन् चष्मा काढून डोळे पुसाले लागला हो! माह्याबी डोळ्यात पाणी.

म्हातारीनं गाठोडं बाजूले सारलं. मग म्हणते, "किती वर्षं फेडाचं हाये हे कर्ज?"

"वीस."

"वीस? अन् त्यात माही खोली टाकून राह्यला होता? मी काय अजून वीस वर्षं जगणार हाये का? बह्याडा! अन् खोलीत एकटीच बसाचं असतं, तर बीबीलेच नसती का बसली? हालमंदी टाक माही खाट. आल्यागेल्याचं तोंड तरी दिसन."

घर झालं. हॉल, सैपाकघर, एक खोली. खाट हॉलमंदी, अगदी दारासमोर. जाऊन पाहा एकदा! पाय आत टाकला की, "कोन व्हय? कोनाचा? पगार किती?" टीव्हीचा रिमोट उशीखाली, अन् संध्याकाळी मालिका चालू असली की आवाज करायचा नाही कोणी. खोकलायचं असलं तर आता आपण दाबून खोकलायचं! धम्मरत्न सैपाकघरात जेवते, बातम्या बाहेर पायरीवर बसून मोबाईलमंदी पाह्यते. परवा कोणीतरी त्या पायरीवरच विचारलं, "काय हो, हे घर कोनाचं?"

तर चष्मा वर सरकवून शांतपणे म्हणे, "भाऊ, कागदावर बँकेचं हाये, अंदर मायचं हाये... मी हप्ते भरतो."