झाडाला वांझ म्हणू नकोस

—आणि तो पेला हलवू नकोस! पेला हलवला म्हणजे कॉफी पुरे, एवढं कळतं मला. माझं बोलणं संपलेलं नाही अजून. खजूर घे. अरे, घे ना! तुझ्यावर संतापलोय म्हणून दारी आलेल्या पाहुण्याला नुसती कडू कॉफी पाजीन असं वाटलं? दोन झाले? मग तिसरा उचल, या घरात दोनावर कुणी थांबत नाही. हं. आता ती क्रेन फिरव, ती लॉरी फिरव, आणि मस्कतच्या तुझ्या हॉटेलवाल्याला जाऊन सांग — खल्फाननं खजुराचं झाड दिलं नाही.

काय? जुवैनानं शब्द दिलाय? बायको आहे ती माझी, मला सांगतोस? झाड तिचं, बापानं लग्नात दिलेलं — कबूल! पण लावणार कुठे तुम्ही? कारंज्याशेजारी! खाली हिरवे दिवे सोडणार! आणि फळांचे फरशीवर डाग पडतात म्हणून तुमचा माळी फुलांचे तुरे आधीच छाटणार. अरे, माझ्या चार पोरांच्या जिभेला जगातली पहिली चव लागली ती या झाडाची — आईच्या दुधाच्याही आधी, माझ्या बापानं चावून टाळूला लावलेली. रोजे याच्यावर सोडले, बकऱ्या याच्या बियांवर पोसल्या, निजलो याच्या झावळ्यांच्या चटईवर. पाट आटला त्या साली सहा महिने खजूर आणि सुकी मासळी, दुसरं काही नाही — मेलं का कुणी? नाही मेलं!

काय म्हणालास? वांझ? तोंड सांभाळ! तीन वर्षं फळ नाही म्हणून वांझ? अरे शहाण्या, खजूर आपोआप धरतो का? वर चढावं लागतं, मादीचा तुरा उकलून त्यात नर झाडाच्या फुलांच्या काड्या बांधाव्या लागतात, माणसाच्या हातानं, एकेका तुऱ्यात. न बांधता येतात ती नुसती बोंडं, बकरीसुद्धा हुंगत नाही. झाडानं आपलं काम केलं, दरवर्षी तुरे काढले. वर कुणी गेलंच नाही, त्याला ते काय करणार?

मी? मी जातो की! दरवर्षी जातो, जुवैनाला विचार, पहाटे दोर घेऊन — नाही. खोटं. खालीच बसतो. धाकटा भाऊ, हिलाल, शेजारच्याच झाडावरून पडला ना — दोर तुटला, जागीच गेला — तेव्हापासून चार हात चढलो की उतरून येतो. चाळीस वर्षं चढलेला माणूस मी! कुणाला सांगू? तासभर बुंध्याशी बसायचं, नराची पिवळी भुकटी दाढीला चोळायची आणि घरी यायचं. ती बिचारी कौतुकानं दाढी झटकायची. मग हंगामात झाडाखाली उभी राहून रडायची, आणि मी म्हणायचो, म्हातारं झालं गं झाड, वांझ झालं. मीच म्हणालो! दुसरं कुणी नाही.

म्हणून सांगतोय, हात लावायचा नाही झाडाला. तिला काय सांगायचं ते माझं मी बघीन — माझ्या मागे काय बघतोस? मी बोलतोय ना, इकडे बघ—

जुवैना.

किटली खाली ठेव. हात भाजतोय तुझा. जुवैना, ठेव ना ती खाली.

तू जा रे. ऊठ. जा म्हणतो ना!