न ओढणारा एगॉन

मेरेते: खिडक्या सताड उघड्या टाकून बसलायस! बाहेर वारा बघ काय सुटलाय. बंदरावरच्या क्रेनसुद्धा थांबवल्यात आज.

एगॉन: असू दे उघड्या. घराला वास येतो.

मेरेते: कसला?

एगॉन: धुराचा. सेहेचाळीस वर्षांचा. पडद्यांना येतो, उशांना येतो. आधी कधी जाणवला नाही. तू एकटीच?

मेरेते: एकटीच. आई मावशीकडेच आहे, रीबेला. आज चौथा दिवस.

एगॉन: माझा विसावा, सिगारेटशिवाय.

मेरेते: बाबा, तुझे दिवस नको आत्ता.

एगॉन: मग काय मोजू? उठलो की दंडावरची निकोटीनची पट्टी बदलतो आणि आकडा म्हणतो. त्यानंतर दिवसभर काही काम नसतं.

मेरेते: खाल्लंस काही?

एगॉन: त्या ज्येष्ठमधाच्या खारट गोळ्या. दोन पुड्या.

मेरेते: ते जेवण नव्हे. काळा पाव आणलाय, हेरिंग मासा आहे. कॉफी टाकू?

एगॉन: कॉफी नको. कॉफी आली की हात खिशाकडे जातो.

मेरेते: बरं, पाय दाखव.

एगॉन: पाय पायाच्या जागी आहे.

मेरेते: मोजा काढ म्हणते ना. करंगळी आणखी काळी पडलीय रे.

एगॉन: डॉक्टरीणबाई म्हणाली, पुढच्या गुरुवारपर्यंत टिकेल. तोवर ओढली नाही तर मांडीतून नवी नस जोडून देईन. ओढत राहिलास तर तीही बुजेल, मग गुडघ्याखालून कापावा लागेल. बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं.

मेरेते: रविवारी काय झालं?

एगॉन: सांगितलं असेल की तिने.

मेरेते: मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

एगॉन: बटाटे उकडले होते. ती म्हणाली, जरा पाणी गाळतोस का. एवढंच. पण मला वाटलं, ही जन्मभर मला हेच म्हणत आलीय. डोक्यात काहीतरी गेलं. पातेलं उचललं आणि भिंतीवर मारलं.

मेरेते: भिंतीला काही झालं नाही.

एगॉन: माहितेय.

मेरेते: आईचा हात मनगटापासून बोटांपर्यंत भाजलाय. पट्ट्या मी बदलतेय. फोड फुटत होते आणि ती मला विचारत होती, तुझ्याकडे ट्युलिप आले का म्हणून.

एगॉन: पाणी उडेल, हे डोक्यातच आलं नाही.

मेरेते: ती कुठे उभी होती, ते दिसत होतं ना?

एगॉन: आमच्या सिगारेट सोडवायच्या वर्गातली नर्स म्हणते, पहिले काही आठवडे चिडचिड होतेच. निकोटीन शरीरातून—

मेरेते: निकोटीनने पातेलं उचललं नाही. तुझ्या त्या वर्गात बाराजण आहेत. कितीजणांनी बायकोला भाजलं?

एगॉन: विचारलं नाही मी.

मेरेते: विचार की. आणि हे घे. टेबलावर ठेवते.

एगॉन: हे काय? मेरेते, काय आहे हे?

मेरेते: दिसतंय ना? तुझंच, हिरवं पाकीट. आईने पाठवलंय.

एगॉन: बोडिलने?

मेरेते: म्हणाली, त्याला सांग ओढ. एका पायाचा नवरा मी सांभाळीन, खुर्ची ढकलीन, आंघोळ घालीन. पण हा असा माझ्याच्याने नाही व्हायचा.

एगॉन: अगं, तीच तर मागे लागली होती! फ्रिजवर तारखा तिनेच लिहिल्यात.

मेरेते: हो, तिनेच.

एगॉन: आणि तू ते घेऊन आलीस. दातांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांना सांगतेस, ओढू नका.

मेरेते: वाटेत दोनदा गाडी थांबवली, फेकून द्यायला. पण निरोप तिचा होता, माझा नव्हे. म्हणून पोचवला. आता तुझं तू बघ.

एगॉन: हात बघ, आपोआप पाकिटाकडे जातोय. नुसतं समोर ठेवलं तर ही गत.

मेरेते: बघतेय.

एगॉन: चौदाचा होतो. मासेमारीच्या बोटीवर पहिला दिवस, उलट्या होत होत्या. कुणीतरी पेटवून तोंडात दिली. तेव्हापासून बाप मेला तरी ओढली, तू जन्मलीस तेव्हा हॉस्पिटलच्या दारात चार ओढल्या. तुझी आई काही बोलायला लागली की मी उठून बाल्कनीत. ती शेजारणींना सांगायची, एगॉन आवाज म्हणून चढवत नाही. शांत माणूस. शांत कसला गं. बाल्कनीत होतो.

मेरेते: ते मला लहानपणीच कळलं होतं.

एगॉन: मला नव्हतं कळलं. न ओढणारा एगॉन कसा असतो, हे मी कधी बघितलंच नाही. वीस दिवस झाले ओळख होऊन. माणूस काही बरा नाही.

मेरेते: मग काय, परत धुरात कोंडायचं त्याला?

एगॉन: सोपं आहे ते. पाय जाईल, बायको येईल.

मेरेते: बायको येईल आणि तू बाल्कनीत जाशील.

एगॉन: कुबड्या घेऊन.

मेरेते: हसू नकोस. मला हसू येत नाहीये.

एगॉन: मलाही कुठे येतंय. तिला फोन लाव.

मेरेते: तूच लाव.

एगॉन: माझा उचलणार नाही ती.

मेरेते: लावून बघितलास?

एगॉन: नाही.

(मेरेते आपला फोन लावते, आवाज मोठा करून टेबलावर ठेवते.)

बोडिल: हां, मेरेते. दिलंस का त्याला?

एगॉन: मी बोलतोय, बोडिल.

बोडिल: ओढलीस?

एगॉन: नाही. समोर आहे. फोडलेलं नाही.

बोडिल: मग फोड. मी मनापासून पाठवलंय, टोमणा म्हणून नव्हे.

एगॉन: कळलं मला ते. म्हणूनच सांगतोय, तू इतक्यात येऊ नकोस.

बोडिल: काय?

एगॉन: येऊ नकोस. ऑपरेशननंतरही तुला वाटलं तरच ये. मी एकटाच राहतो. ओढणार मात्र नाही. पाय हवाच आहे मला, खोटं कशाला बोलू. पण आज पेटवली ना, तर रविवारचं सगळं मी सिगारेटच्या माथी मारीन आणि मोकळा होईन. मी ओळखतो मला.

बोडिल: मोठं बोलतोयस.

एगॉन: हात कसा आहे?

बोडिल: आज विचारतोयस.

एगॉन: हो. आज विचारतोय.

बोडिल: ठणकतो. बटणं लावता येत नाहीत, बहीण लावून देते. एकसष्टाव्या वर्षी तिच्यापुढे हनुवटी वर करून उभी राहते मी, शाळेत निघाल्यासारखी.

एगॉन: तू तिथे उभी होतीस, ते दिसत होतं मला, बोडिल. दिसत होतं, तरी फेकलं.

मेरेते: आई? आहेस ना?

बोडिल: आहे. ऐकलं मी.

एगॉन: मला एवढंच सांगायचं होतं.

बोडिल: मी येणार नाहीये, एगॉन. गुरुवारीसुद्धा नाही.

एगॉन: बरं.

बोडिल: नुसतं तोंडाने बरं म्हणू नकोस.

एगॉन: नाही म्हणत. वाईट वाटतंय. पण बरं.

बोडिल: मेरेते, ते पाकीट तिथे ठेवू नकोस. येताना घेऊन ये, वाटेत टाक कुठेतरी.

मेरेते: टाकते.

बोडिल: आणि त्याला गुरुवारी कोण नेणार?

मेरेते: मी नेते. सातला पोचायचंय. रजा टाकलीय.

बोडिल: एगॉन, कपाटात वरच्या फळीवर निळी पिशवी आहे. दवाखान्यासाठी भरून ठेवली होती, आधीच. टॉवेल आहे, चष्म्याचं घर आहे. मोजे सैल घेतलेत. जुने घट्ट घालू नकोस, वळ उठतात तुझ्या पायावर.

एगॉन: नाही घालणार.

बोडिल: ठेवते मग.

मेरेते: ठेवला तिने. तू बस, बाबा. स्टूलवर चढावं लागेल, मी काढते पिशवी.

एगॉन: तू स्टूल धर. मी काढतो.