बदललेलं नाव

लेखक : ...‘खोलीत मिणमिणता दिवा होता. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.’

मैत्रीण : मिणमिणता? अहो, ही डोक्यावरची ट्यूब काय झोपा काढते?

ती : आणि मी रडले कधी? उलट तुम्हालाच हसवत होते. हसता हसता पँटवर चहा सांडलात.

लेखक : तुमचं दुःख वाचणाऱ्यांपर्यंत पोचावं, म्हणून जरा...

मैत्रीण : जरा? ताई, तुला पार धुऊन वाळत घातलीय यांनी.

ती : तू चहा टाक जा. आलं किसून.

मैत्रीण : म्हणजे मी फुटावं. कळलं.

(दार लोटल्याचा आवाज.)

ती : दिव्याचं सोडा. लेखात मला दिलेलं नाव कुठून आणलंत?

लेखक : ते? माझ्या आत्याचं...

ती : घेऊ नका. भिंती पातळ आहेत.

लेखक : तुमचं नाव छापायचं नाही असं ठरलं होतं. म्हणून बदललं.

ती : बदललंत ते खोटं होतं. इथे या धंद्यात आल्यावर मीच घेतलेलं. आणि त्या जागी घातलंत ते माझं खरं.

लेखक : काय सांगता?

ती : आईनं ठेवलेलं. आत्ता चहा टाकायला गेली तिलाही माहीत नाही.

लेखक : आत्याचं म्हणून मी आदरानं...

ती : धाकटा भाऊ तुमचं साप्ताहिक अथपासून इतिपर्यंत वाचतो. त्याच्या लेखी मी वसतिगृहात स्वयंपाक करते. हनुवटीवरचा भाजल्याचा डाग, बापाचं शिलाईचं दुकान, सगळं लिहिलंयत, वर हे नाव. त्याला कळायला कितीसा वेळ लागेल? आणि माझं म्हणावं असं तेवढं एकच माणूस उरलंय.

लेखक : अंक अजून छापायला गेलेला नाही. आत्ता फोन करतो. नाव, डाग, दुकान, सगळं काढतो. ते रडणंही काढतो, चुकलंच माझं.

ती : रडणं असू द्या.

लेखक : पण ते खोटं आहे.

ती : म्हणूनच. मला रडताना त्यानं कधी पाहिलेलं नाही. हसणं लिहिलंत, तर लगेच ओळखेल.

लेखक : बरं. मग नाव कुठलं घालू?

ती : कुठलंही. पण फोन करायच्या आधी तो भाग पुन्हा वाचा. नावासकट.

लेखक : आत्ताच तर वाचला.

ती : नाव कानावर आलं आणि पुढच्या दोन-चार ओळी ऐकूच आल्या नाहीत. आई गेल्यापासून कुणी घेतलंच नव्हतं ते. हळू वाचा, चहाला वेळ आहे.