‘ही इज गॉन’चा तास

आदरणीय अध्यक्ष मारुतीराव, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती प्राध्यापिका त्रिशला मॅडम आणि निपाणीच्या या कॉलेजवर माया करणाऱ्या बंधू-भगिनींनो,

मी परशराम, गाव येळ्ळूर. आधी मॅडमचा विद्यार्थी, आता त्यांच्याच इंग्रजी विभागात शिकवतो. अध्यक्षांनी ‘थोडक्यात’ म्हटलंय, प्रयत्न करतो.

मॅडम भाषेचा इतिहास शिकवायच्या. एकदा सांगत होत्या, की जुन्या इंग्रजीत येण्याजाण्याच्या क्रियापदांना ‘हॅव’ नव्हे, ‘बी’ लागायचं. ‘ही इज कम’ म्हणत. पुढं शतकं लोटली, ‘हॅव’ पसरत गेलं आणि ‘ही हॅज कम’ रूढ झालं. मी मागच्या बाकावरून ओरडलो, “मॅडम, म्हणजे आपलं ‘आलाय’! आला आहे!”

“व्हय की रं!” मॅडम हसल्या. त्यांच्या तोंडून अशी बोली क्वचितच ऐकू यायची.

कुणीतरी विचारलं, “मग ‘ही इज गॉन’ अजून कसं चालतं?”

“‘हॅज गॉन’ म्हणजे तो निघून गेला. ‘इज गॉन’ म्हणजे…” मॅडम थांबल्या. “म्हणजे तो इथं नाही. जाण्यापेक्षा नसण्यावर भर.” त्यांनी पुस्तक मिटलं आणि वर्गाबाहेर गेल्या.

आम्हांला काय ठाऊक? मॅडमना याच विषयावर संशोधन करायला हैदराबादला जागा मिळाली होती. पेटी भरलेली होती. आणि या तासाच्या आधी, त्याच आठवड्यात, त्यांचे थोरले बंधू गोमटेशअण्णा, तंबाखूच्या शेतीवरून वडिलांशी भांडून, घर सोडून गेले. वडील खचले, आई राजाबाई दारातून हलेनात. अशा घराला सोडून कोण जाईल? मॅडम राहिल्या. वडील वारले, त्यांच्या मागं आईही वारली. शेवटपर्यंत माउली विचारायची, “अण्णा आलाय काय गं?”

आणि गेल्या दिवाळीत अण्णा खरंच आले. पिकलेले केस, खांद्याला पिशवी. दारातच म्हणाले, “त्रिशला, आई कुठं हाय?”

मॅडम मला नंतर म्हणाल्या, “परशराम, ‘आई गेली’ एवढंच म्हणायचं होतं. जन्मभर क्रियापदं शिकवली, पण तोंडातून शब्द फुटंना.”

अण्णांनी त्यांच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. उंबऱ्यावर बसून लहान मुलासारखे रडले. त्यानंतर ते कुठंही गेले नाहीत. शेत पुन्हा नांगरलं. आणि एके दिवशी जेवताना बहिणीला म्हणाले, “आता तू जा. माझ्यापायी राहिलीस. घर मी बघतो.”

मित्रहो, साठाव्या वर्षी निवृत्त होऊन मॅडम संशोधनाला हैदराबादला निघाल्या आहेत. आनंद तर आहेच. पण परवा स्टाफरूममध्ये त्यांचं कपाट मोकळं होताना पाहिलं आणि मनात आलं: आता अडलं-नडलं तर विचारायचं कुणाला?

आपण सर्वांनी मनापासून ऐकलंत, ऋणी आहे. मागच्या रांगेत गोमटेशअण्णा बसलेत. अण्णा, उशिरा का होईना, तुम्ही आलात. त्याचे आभार कुठल्या शब्दांत मानू?

बोलताना अधिक-उणं झालं असेल, तर सभागृहानं पोटात घालावं. मॅडम, तुम्ही मात्र घालू नका. जायच्या आधी, नेहमीसारखं बाजूला बोलावून, कुठं चुकलं ते सांगा.