डबकासुराला मोकळं केलं त्याची गोष्ट

...आणि वर मलाच विचारतात, "तुला कोणी सांगितलं होतं?" अहो, सांगायला कशाला हवं कोणी? तत्त्वाचा प्रश्न होता! तुम्हाला सांगतो, पाच वर्षं दूर शिकून परत आलो, इथे काय काय बदलायचं याची यादी खिशात, आणि बघतो तर माझी सख्खी आत्या, शिवणाचं दुकान चालवणारी साठीची बाई, एका हाताने मशीन थांबवून दुसऱ्या हाताने फोनवर राक्षस पकडतेय! जाळं टाकायचं, राक्षस बरणीत भरायचा, मग दुसऱ्याच्या राक्षसाशी झुंजवायचा! म्हटलं, "आत्या, ही गुलामगिरी आहे!" तर म्हणते, "टाचण्यांची डबी दे इकडे."

तिच्याकडे होता डबकासुर. हा जन्मतो बोटभर डबक्या म्हणून, दोनशे झुंजी जिंकला की होतो डबकोबा, आणि पुढे दोन वर्षं जीव लावला की डबकासुर, छपराहून उंच! रविवारी त्याची झुंज होती समोरच्या औषधवाल्याच्या राक्षसाशी. हा गृहस्थ आत्याला सारखा हरवायचा आणि गिऱ्हाइकांदेखत विचारायचा, "काय बाई, आज टाके उसवले वाटतं?" म्हणजे रविवार किती मोलाचा, मला माहीत होतं? होतं! पण तत्त्वाचा प्रश्न होता हो!

आत्या माप घ्यायला आत गेली. फोन टेबलावर. कोपऱ्यात बटण, 'मुक्त करा'. दाबलं! फोन विचारतो, खात्री आहे? आहे! नक्की? नक्की! तो रडेल... अरे, आनंदाश्रू असतील! माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, तुम्हाला सांगतो!

आत्या बाहेर आली, तिने फोन पाहिला. तिने मशीनचा दिवा बंद केला, भर दुपारी! मग हळूच म्हणाली, "बाळा, तू या खेळाचं कार्टून पाहिलं नाहीस ना?" कार्टूनच्या पहिल्याच भागात म्हणे सांगितलंय, सोडलेला डबकासुर परत डबक्या होतो, पाणथळीत रडत बसतो आणि जुन्या मालकाकडे कधीच येत नाही. नवा माणूस लागतो! हे शाळेत नको का शिकवायला? रविवारी औषधवाल्याने झुंज रद्द झाल्याचं कारण ऐकलं आणि हसता हसता खाली बसला. "भाच्याने सोडला? स्वतःहून?" आत्या शांतपणे म्हणाली, "हो. आता भाचाच वाढवेल."

मग काय, मी नवा माणूस! फोन हातात धरून तलावाभोवती फेऱ्या, पायांना फोड, चौथ्या दिवशी सापडला, बोटभर, हुंदके देत. बरणीत भरला. हो, भरला! बाहेर थंडी होती! काल पहिली झुंज जिंकला तेव्हा भर रस्त्यात मी ओरडत होतो, "हाण! अजून हाण!" आता एकशे नव्व्याण्णव झुंजी, वर दोन वर्षं. आत्याला म्हटलं, "मला कामं आहेत गं, मला समाज बदलायचाय, माझं मत तरी विचारशील?"

तिने दाताने दोरा तोडला, माझ्या फोनमध्ये डोकावली आणि म्हणाली, "खेळात तुझी पातळी अजून चारच दिसतेय. मत सातनंतर."