कुठला पाय?

जनावरांच्या दवाखान्यात मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या मास्तरीणबाईंनी पुस्तक उघडलं होतं, पण कान शेजारच्या बाकावर होते. तिथे एक नवरा-बायको बसले होते आणि नवऱ्याच्या मांडीवर मागचा पाय भादरलेला भलाथोरला कुत्रा.

“दोन महिने झाले ऑपरेशनला, अजून लंगडतोय बिचारा.”

“तुमच्यासमोर लंगडतो. तुम्ही कामावर गेलात की घरभर हुंदडतो.”

“काहीतरीच! मुकं जनावर नाटक करेल का?”

“ऑपरेशन कुठल्या पायाचं झालं?”

“उजव्या.”

“आणि काल लंगडत कुठल्या पायाने होता?”

“डाव्या... अगं, मग आधी सांगायचं ना! मी त्याच्याशेजारी फरशीवर झोपतोय, उचलून जिना चढवतोय, हाताने भरवतोय!”

“बघत होते. तुम्हाला हे सगळं येतं, हे तीस वर्षांत कळलंच नव्हतं.”

“तुझ्या गुडघ्याच्या वेळी मी रजा काढली होती हं.”

“चार दिवस. त्यातले तीन साखरेचा डबा शोधण्यात गेले.”

“पाचव्या दिवशी तू स्वतःच उठून चहा केलास!”

“तिथेच चुकलं माझं. याला बघा कशी अक्कल आहे.”

आतून डॉक्टरांनी हाक मारली. कुत्रा खाली उतरला, दोन पावलं झोकात चालला, मग मालकाकडे बघून त्याने डावा पाय अलगद उचलून धरला.

“घ्या उचलून. आणि माझी पिशवीही घ्या, गुडघा दुखतोय.”

“कुठला?”

“ऑपरेशन झालेला.”

नवरा तिच्या दोन्ही गुडघ्यांकडे आळीपाळीने बघत राहिला.