दर्ग्यातली चूल

नाही हो साहेब, इथं कोण राहणार? दर्गा आहे हा — आत पीरबाबा, अंगावर गलेफ, उशाला दिवा, बस्स! घरपट्टीच्या मोजणीला आलात ना म्युनिसिपालिटीतनं? मग बघा की डोळे भरून. चूल नाही, माठ नाही, वळणीवर चिंधी नाही. चूल नाही तिथं घर कसलं? — मी? मी खुर्शीदा, मुजावरीण. झाडलोट करते, लोबान जाळते, दिवस मावळला की जाते... लेकीकडं जाते. आता पीराला पट्टी म्हणजे — हसू नका साहेब — पीर काय तुमच्या नळाचं पाणी पितो? तसं आमचे हे म्हणायचे, द्यावी पट्टी. उरुसाला गल्लीभर फुलं नि खरकटं पडतं, ते झाडायला तुमचीच माणसं येतात ना, त्यांच्याही घरी पोरंबाळं आहेत. बाबा हयात असते तर सगळ्यांच्या आधी त्यांनी भरली असती. भर पंचांत बोलले हो! मोहल्ल्याचे इनायतशेठ असे भडकले — आज पट्टी, उद्या थकली की जप्ती, परवा बाबांच्या गलेफाचा लिलाव! ह्यांना म्हणाले, तुमच्या खोलीतली चूल म्युनिसिपालिटीला दिसली तर अख्खा दर्गा राहतं घर धरतील, आधी ती काढा. हे माझ्याकडं बघत राहिले. मग मीच काढली, साहेब, ह्या हातांनी.

कोण खोकलं? कुणी नाही. मुसाफिर असेल एखादा, टेकला असेल — अहो, पडदा नका सारू! पाया पडते... तेच आहेत. माझा नवरा, हबीब. ह्याच खोलीत जन्मले. लेक कुठली आणि काय, आम्हाला मूलच नाही. छाती कफानं भरलीय. वैद्य म्हणाले, ऊब द्या, गरम पेज पाजा. कशावर करू? शेजारच्या सरुबाई पदराखाली झाकून आणतात बिचाऱ्या, पण नाशिकची ही थंडी — दारात येईस्तोवर गार. आणि शेठचा माणूस येऊन बघून जातो, धूर निघतो का. सगळं लपवता येतं हो, धूर नाही लपत. लिहा तुम्ही, राहतात म्हणून लिहा, लावा काय लावायची ती पट्टी. पंच बसू देत बोंबलत, मला माझा माणूस हवाय.

काय म्हणालात? पुन्हा सांगा. मुजावराची खोली — पट्टीला धरतच नाहीत? चूल असली तरी? पहिल्यापासून माफ? ... कचेरीत येऊन कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, म्हणता. खरंय. कोण जाणार विचारायला? विचारलं तर खोली नजरेत येईल, असं शेठ म्हणाले, आणि आम्हा सगळ्यांना ते पटलं.

आता घोट उतरत नाही त्यांच्या घशाखाली. पेज ओठांवरनं ओघळते, मी पुसते. तरी तीन दगड मांडते, चूल पेटवते. व्हा साहेब, दारातनं बाजूला व्हा — सरुबाईकडनं विस्तव आणायचाय.